डबा बदलला म्हणून बाळ शांत झालं?

संध्याकाळचे सात वाजले की सुरू. दूध पाजून झालंय, ढेकर काढून झालाय, लंगोट कोरडा आहे, आजीने मीठ-मोहरीने दृष्टही काढलीय. तरी बाळ पाय पोटाशी घेऊन, चेहरा लालबुंद करून रडतंय. अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतंच, "अगं, याला ही दुधाची पावडर बाधतेय. डबा बदलून बघ." दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून नवा डबा येतो. चार दिवस जरा बरे जातात, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग तिसरा डबा. बाळ दोन महिन्यांचं होईपर्यंत फडताळात अर्धवट वापरलेल्या डब्यांची रांग लागलेली असते.

डबा बदलण्यात पाप काही नाही. एका कंपनीची साधी पावडर सोडून दुसरीची साधी पावडर दिली तर बाळाला सहसा अपाय होत नाही. पण सहसा उपयोगही होत नाही. आणि उपयोग झाल्यासारखा वाटतो तेव्हा श्रेय बऱ्याचदा डब्याचं नसतं, बाळाच्या वाढलेल्या वयाचं असतं. काही थोड्या बाळांना मात्र वेगळा डबा खरोखरच लागतो, आणि त्यांच्या बाबतीत उशीर करून चालत नाही. ही थोडी बाळं ओळखायची कशी आणि उरलेल्यांचं काय करायचं, हे समजून घ्यायचं तर आधी डब्याकडे नाही, रडण्याकडे बघावं लागतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. बाळ अंगावरच पीत असेल, वजन वाढत असेल, दिवसातून सहा-आठ वेळा शू करत असेल, तर ते रडतंय म्हणून "दूध पुरत नाही" असा निष्कर्ष काढून वरचं दूध सुरू करू नका. रडणं हा दूध कमी असल्याचा पुरावा नव्हे. या लेखातलं बाकीचं सगळं, कारण काहीही असो, ज्या घरात पावडर आधीच सुरू आहे त्यांच्यासाठी.

रडण्याचं वय

टी. बेरी ब्रेझल्टन हे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ. त्यांनी ८० निरोगी बाळांच्या आयांना रडण्याची रोजची नोंद ठेवायला सांगितली आणि १९६२ साली ती प्रसिद्ध केली. दुसऱ्या आठवड्यात बाळं दिवसाला साधारण पावणेदोन तास रडत होती. सहाव्या आठवड्यात पावणेतीन तास. तिथून रडणं उतरत गेलं. त्यातलं बरंचसं रडणं संध्याकाळचं होतं. ही आजारी बाळं नव्हती, हे पुन्हा सांगतो.

हा चढ-उतार दुधामुळे येत असेल का? कलहारी वाळवंटातल्या कुंग सान समाजात बाळ दिवसभर आईच्या अंगाशीच असतं आणि तासातून अनेकदा पितं. तिथे एकेका वेळचं रडणं आटोपशीर असतं, पण चढ त्याच वयात येतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचं रडणं जन्मानंतर सहा आठवड्यांनी शिगेला पोचत नाही, तर डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून सहा आठवड्यांनी पोचतं. ते बाळ बाहेरचं दूध तर कितीतरी आधीपासून पीत असतं. म्हणजे हे घड्याळ पोटात नाही, मेंदूच्या वाढीत आहे.

याच रडण्याचं टोक म्हणजे कोलिक. १९५४ साली वेसेल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी त्याची एक ढोबळ खूण दिली, ती अजून वापरात आहे: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीन दिवसांहून जास्त, आणि असं तीन आठवडे. कोलिक अंगावर पिणाऱ्या बाळांनाही होतो, डब्याच्या दुधावरच्या बाळांनाही होतो. नेमकं कारण अजून सापडलेलं नाही. पोटात कळ येते म्हणून बाळ पाय वर घेतं असं आपण धरून चालतो, पण जोरात रडणारं कुठलंही बाळ पाय वरच घेतं. रडताना हवाही गिळली जाते, त्यामुळे पोट फुगतं. वात सरला आणि बाळ थांबलं की आपण म्हणतो, बघा, गॅसच होता.

आता डबे कधी बदलले जातात ते बघा. बाळ कमी रडत असताना कुणी डबा बदलत नाही. पहिला बदल होतो चौथ्या-पाचव्या आठवड्यात, रडणं चढत असताना. तो फसतो, कारण चढ अजून संपलेला नसतो. दुसरा सहाव्या आठवड्यात, तोही फसतो. तिसरा येतो आठव्या-नवव्या आठवड्यात, आणि "बाळ एकदम शांत झालं हो!" मृग कोरडा गेला म्हणून गावाने धोंडी काढली आणि आर्द्रात पाऊस लागला, तर तो धोंडीने आणला की नक्षत्राने? पण त्या घरात तिसऱ्या डब्याचं नाव कायमचं कोरलं जातं. पुढे नणंदेला बाळ झालं की तिला थेट तोच आणायला सांगतात. तिला तो चौथ्या आठवड्यात मिळतो आणि तिच्या बाळावर चालत नाही. मग म्हणायचं, प्रत्येक बाळाची प्रकृती वेगळी.

डब्यात असतं काय

पहिल्या टप्प्याच्या, म्हणजे जन्मापासून सहा महिन्यांपर्यंतच्या जवळपास सगळ्या साध्या पावडरींचा पाया गाईचं दूध हाच असतो. पण ते जसंच्या तसं वापरत नाहीत. १०० मिलिलीटर गाईच्या दुधात सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, आईच्या दुधात जेमतेम एक ग्रॅम. म्हणून प्रथिनं कमी करतात, दूध नासल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्यातल्या प्रथिनांचं प्रमाण वाढवतात, दुधाची चरबी काढून वनस्पती तेलं घालतात, लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर आईच्या दुधाइतकी, सात टक्क्यांच्या घरात नेतात, आणि वर लोह व जीवनसत्त्वं घालतात. तयार दुधात १०० मिलिलीटरला ६५ ते ७० कॅलरी भरतील असं बघतात. यातलं काहीच कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं नाही. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचे नियम आहेत.

डबा हातात घेऊन नीट बघितलात तर आणखी एक गोष्ट लक्षात येईल. बिस्किटाच्या पुड्यावरही गुटगुटीत बाळ असतं, या डब्यावर नसतं. १९९२चा बालदुग्ध पर्याय कायदा आणि त्यातली २००३ची दुरुस्ती यांनी डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायला मनाई केली आहे. जाहिरात, फुकट नमुने, दुकानदाराला आमिष यांनाही मनाई आहे. आईचं दूध सर्वोत्तम, हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापावंच लागतं. त्यामुळे "हा घेऊन बघा, याने मुलं शांत झोपतात" असं काउंटरवरून कुणी आपणहून सुचवत असेल, तर तो सल्ला कानाआड करायला हरकत नाही.

नियम सारखे म्हणून एकाच जातीचे डबे सख्खे भाऊ असतात. एक सोडून दुसरा घेतला की बदलतं ते नाव, किंमत आणि वर घातलेल्या चिमूटभर गोष्टी. हे मोठ्या प्रमाणावर दिसलं ते अमेरिकेत. फेब्रुवारी २०२२मध्ये जंतूंच्या शंकेवरून ॲबट कंपनीने मिशिगनमधल्या स्टर्जिस इथल्या कारखान्यातली पावडर परत मागवली, कारखाना बंद पडला आणि देशभर दुकानांतली फळ्यांवरची जागा रिकामी झाली. सरकारने परदेशातून विमानाने पावडर आणवली. तिथल्या मराठी घरांनीही त्या काळात दुकानं पालथी घातली. तेव्हा अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पालकांना सांगितलं ते हेच, की साध्या पावडरीवरच्या बहुतेक बाळांना त्याच जातीची दुसऱ्या कंपनीची पावडर चालते.

साध्या डब्यांमधला एक फरक मात्र खरा आहे, आणि तो शीमध्ये दिसतो. काही पावडरींत पामतेल असतं. त्यातलं एक स्निग्धाम्ल आतड्यात कॅल्शियमशी जुळून साबणासारखा घट्ट पदार्थ बनवतं आणि शी कडक होते. बाळ खडे पाडत असेल तर डॉक्टरांना विचारून दुसरी पावडर बघणं रास्त आहे. शीचा हिरवा रंग मात्र बहुधा लोहामुळे असतो, त्यासाठी काहीच बदलू नका. आणि "भूक भागत नाही" म्हणून सहा महिन्यांच्या आतच दोन नंबरचा डबा आणू नका, तो त्या वयासाठी बनवलेला नाही.

लॅक्टोज बिचारं

वेगळ्या जातीचे डबे म्हणजे लॅक्टोजमुक्त, सोयाचे, प्रथिनांचे तुकडे केलेले, आणि दूध वर येऊ नये म्हणून घट्ट केलेले. यातला लॅक्टोजमुक्त डबा सगळ्यात जास्त विनाकारण खपतो, म्हणून त्यावर जरा थांबू.

सर्वांत जास्त लॅक्टोज कुठल्या दुधात असतं? आईच्या. निसर्गाने नवजात बाळाला लॅक्टोज पचवण्याच्या तयारीनेच पाठवलेलं असतं. "याच्या बाबांनाही दूध पचत नाही" हे खरं असेलही, पण मोठ्यांचा तो त्रास लहानपणीची पहिली काही वर्षं उलटल्यावर सुरू होतो. दोन महिन्यांच्या बाळाला तो वडिलांकडून लागत नाही. जन्मतःच लॅक्टोज न पचणारी बाळं अत्यंत विरळा, आणि त्यांना पहिल्या काही दिवसांतच पाण्यासारखे भरमसाट जुलाब होतात, नुसतं संध्याकाळचं रडणं नसतं. तिसरा प्रकार जोरदार जुलाबांनंतरचा. आतड्याचं अस्तर खरवडून निघतं आणि काही दिवस लॅक्टोज पचत नाही. तो तात्पुरता असतो. त्यातही डॉक्टरांनी सांगितलं तरच काही आठवडे असा डबा द्यायचा आणि मग पुन्हा साध्यावर यायचं. प्रत्यक्षात परत यायचं राहूनच जातं.

खरा गोंधळ पुढे आहे. लॅक्टोज न पचणं आणि गाईच्या दुधाची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत साखरेचा प्रश्न, दुसरीत प्रथिनांचा. बहुतेक लॅक्टोजमुक्त डब्यांतून साखर काढलेली असते, पण गाईची प्रथिनं तशीच असतात. ॲलर्जी असलेल्या बाळाला तो डबा दिला तर काहीही साधत नाही, उलट निदानात महिना जातो.

गाईच्या दुधाची ॲलर्जी ही डबा बदलण्याचं खरं, महत्त्वाचं कारण. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांमध्ये ती शंभरातल्या दोन-तीन बाळांत आढळते, म्हणजे रडणाऱ्या बाळांपैकी बहुतेकांना ती नसते. ती असली की रडणं सहसा एकटं येत नाही. शीमध्ये रक्ताचे धागे किंवा शेंबूड दिसतो, अंगावर कोरडे खाजरे चट्टे उठतात, उलट्या होतात, वजन अडतं. काहींना दूध पाजल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. तसं झालं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. बाकीच्यांत डॉक्टर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली खास पावडर दोन ते चार आठवडे द्यायला सांगतात, फरक बघतात, आणि मग मुद्दाम साधं दूध पुन्हा देऊन त्रास परततो का ते तपासतात. ही दुसरी पायरी आईबापांना नकोशी वाटते. नुकतं शांत झालेलं बाळ पुन्हा कशाला रडवायचं? पण ती गाळली तर ॲलर्जी होती की वय सरलं हे कधीच कळत नाही, आणि साध्याहून कितीतरी पट महाग, वासाला उग्र, चवीला कडवट अशी पावडर वर्षभर चालू राहते. शक्यता खरी असलीच, तर बहुतेक मुलांची ही ॲलर्जी पुढे वाढत्या वयात आपोआप जाते.

"मग शेळीचं द्या, गांधीजी प्यायचे" हा सल्ला गावाकडे हमखास मिळतो. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना शेळीचंही चालत नाही. सोयाच्या पावडरीने ॲलर्जीवाल्या काही बाळांना तसाच त्रास होतो, आणि सहा महिन्यांच्या आत ती पहिली निवड नाही. गॅलॅक्टोसिमिया नावाच्या दुर्मिळ जन्मजात आजारात मात्र तीच कामाची ठरते. गाईचं दूध पाणी घालून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देणं हा तर उपायच नव्हे. त्यात लोह जवळजवळ नसतं, आणि पाणी घातलं की ताकदही जाते.

कोलिकसाठी म्हणून मिळणाऱ्या, प्रथिनं थोडी फोडलेल्या आणि लॅक्टोज कमी केलेल्या पावडरींबद्दल काय? आहारातले असे बदल कोलिकवर चालतात का, याचे सगळे प्रयोग एकत्र तपासून कोक्रेन या संस्थेने २०१८मध्ये निष्कर्ष काढला, की ठामपणे शिफारस करावी इतका पुरावा नाही. घट्ट केलेल्या पावडरीने दूध वर येणं थोडं कमी होतं. पण पहिल्या तीन महिन्यांत निम्मी बाळं रोज दूध ओकतात, आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं ते थांबतं. बाळ हसतंय, वजन घेतंय, तर तो कपडे धुणाऱ्याचा प्रश्न आहे, बाळाचा नाही. बाटलीत तांदळाचं पीठ किंवा नाचणी सत्त्व घालून दूध घट्ट करण्याचा घरगुती प्रयोग करू नका.

डबा तोच, दूध वेगळं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. पावडर कुठलीही असो, ती कालवताना चुकली तर बाळ रडणारच.

डब्यातला चमचा घ्या. प्रत्येक कंपनीचा चमचा वेगळा, आणि तो त्याच पावडरीसाठी मापलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिलिलीटर पाण्याला एक सपाट चमचा असं लिहिलेलं असतं. अमेरिकेहून मावशीने आणलेल्या डब्यावर बऱ्याचदा ६० मिलिलीटरला एक असतं. डबा बदलला आणि हात जुन्याच सवयीने चालला, तर बाळाला दुप्पट घट्ट किंवा निम्मं पातळ दूध जातं. जुना चमचा धुऊन नव्या डब्यात टाकला तरी तीच गत. म्हणून नवा डबा उघडला की जुना चमचा आधी कचऱ्यात.

चमचा शिगोशीग भरायचा नाही, दाबूनही भरायचा नाही. सुरीच्या पाठीने वरची पावडर सपाट करायची. पाणी आधी मोजून बाटलीत, पावडर नंतर. उलटं केलं तर पाणी कमी पडतं आणि दूध घट्ट होतं. घट्ट दुधाने बाळाच्या रक्तातलं मीठ वाढतं, शी कडक होते, त्याला तहान लागते. ते रडतं, आपल्याला वाटतं भूक लागली, म्हणून आणखी तसंच दूध दिलं जातं. दुसरीकडे, महागाचा डबा महिनाअखेरपर्यंत पुरवायचा म्हणून एक चमचा कमी टाकणारी घरंही असतात. त्यांना दोष देववत नाही, पण पातळ दुधावरचं बाळ भुकेने रडतं, त्याचं वजन अडतं, आणि फार पातळ दुधाने झटकेही येऊ शकतात. ही दोन्ही बाळं घरात "किरकिरी" म्हणूनच ओळखली जातात. त्यांचा डबा बदलून काय होणार?

पाणी उकळलेलं हवं, आणि पावडर टाकताना ते किमान ७० अंश गरम असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. याचं कारण पाण्यात नाही, पावडरीत आहे: ती निर्जंतुक नसते. उकळी आल्यावर अर्ध्या तासाच्या आत ते पाणी वापरायचं. मग बंद बाटली वाहत्या नळाखाली धरून निववायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा. तयार दूध दोन तासांच्या आत संपवायचं, उष्टं राहिलेलं पुढच्या वेळेला ठेवायचं नाही.

किती पाजायचं? पहिल्या आठवड्यानंतर ढोबळ हिशेब असा, की किलोमागे दिवसाला १५० मिलिलीटर. चार किलोच्या बाळाला दिवसभरात ६०० मिलिलीटर, आठ वेळा पीत असेल तर दर वेळी ७५. हा अंदाज आहे, रेशनचं माप नाही. कधी ५० पिऊन तोंड फिरवेल, कधी ९० पिईल. बाटलीत उरलेलं वीस मिली "वाया जायला नको" म्हणून कोंबलं की ते बाहेर येतं, नाहीतर बाळ तडफडत रडतं. प्रत्येक रडण्याला बाटली हे उत्तर असेल तर पोट तुडुंब राहतं. मूठ तोंडात घालणं, मान वळवून शोधणं या भुकेच्या आधीच्या खुणा, रडणं ही शेवटची.

बाळाला आडवं झोपवून पाजू नका, थोडं उठतं धरा. बाटलीही जवळजवळ आडवी ठेवा, म्हणजे दूध धबधब्यासारखं घशात उतरणार नाही. मध्ये मध्ये थांबा. बाटली उलटी केली की निपलमधून थेंब थेंब पडायला हवा, धार नको. जोरजोराने हलवून फेस आणला असेल तर फेस बसेपर्यंत थांबा. वाटी-चमचा किंवा बोंडलं वापरत असाल तर उत्तमच. आपल्याकडे बाटलीपेक्षा तेच सुचवतात, कारण त्यात जंतू लपायला कानाकोपरे नसतात.

थेंब, गुटी आणि ग्राईप वॉटर

डब्यापाठोपाठ थेंबांची बाटली येते. गॅसवर म्हणून देतात ते सिमेथिकोनचे थेंब निरुपद्रवी आहेत, पण १९९४मध्ये अमेरिकेत त्यांची तुलना बिनऔषधी थेंबांशी केली तेव्हा दोन्हींत फरक निघाला नाही. दोन्ही गटांतल्या कितीतरी बाळांचे आईबाप म्हणाले, बरं वाटतंय. वयाची गंमत इथेही तीच. एक नाव मात्र लक्षात ठेवा: डायसायक्लोमिन. पोटदुखीच्या काही थेंबांत ते असतं. सहा महिन्यांखालच्या बाळांना ते देऊ नये, श्वास अडखळू शकतो. घरात मोठ्या भावंडाची उरलेली बाटली असेल तर आधी लेबल वाचा.

ग्राईप वॉटर विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये विकायला काढलं, आणि कितीतरी वर्षं त्यात मद्यार्क असे. बाळ शांत का होत असेल ते सांगायला नको. आता तो नसतो, पण उपयोगाचा पुरावाही नाही. सहाणेवर उगाळलेल्या गुटीत मात्रा आणि स्वच्छता दोन्ही हातावर अवलंबून. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नका, त्यातून बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

बदलायचाच असेल तर

डॉक्टरांशी बोलून झालं आणि बदलायचं ठरलं, तर एका वेळी एकच गोष्ट बदला. डबा, बाटली, थेंब आणि मालिशवाली बाई एकाच आठवड्यात बदलली तर कशाने काय झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एका साध्या पावडरीवरून दुसरीवर जाताना पुढच्या पाजण्यापासून थेट सुरू केलं तरी चालतं. चव फार वेगळी असेल आणि बाळ तोंड वळवत असेल, तर डॉक्टरांना विचारून दोन्ही दुधं आपापल्या मापाने वेगवेगळी कालवा आणि मग एकत्र करा. कोरड्या पावडरी एकमेकींत मिसळू नका. दोन आठवडे तरी द्या. तीन दिवसांत निकाल लावू नका. एका वहीत रडण्याची वेळ, दूध किती, शी कशी, उलटी झाली का, एवढं रोज लिहा. आठवड्यानंतर वही बऱ्याचदा "सारखं रडतं" या तक्रारीपेक्षा वेगळंच सांगते.

काही वेळी वही बाजूला ठेवून थेट दवाखाना. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप. हिरवी उलटी. पहिल्या दोन महिन्यांत दर पाजण्यानंतर दूरवर उडणारी उलटी. शीमध्ये रक्त. दूध अजिबात न घेणं, मलूल पडणं, टाळू वर आलेली, शू अगदी कमी. रोजच्यापेक्षा वेगळं, किंचाळून, न थांबणारं रडणं. जांघेत फुगवटा आहे का बघा. मोजे काढून पायाची बोटंही बघा. आईचा गळलेला केस बोटाभोवती आवळून बसतो आणि बाळ का रडतंय ते कुणालाच कळत नाही.

आणि सगळं बघून झालं, काहीच नाही, तरी बाळ रडतंय. उभं खांद्यावर घेऊन फिरा, खोलीतला दिवा मंद करा, माणसांची वर्दळ कमी करा, पंख्यासारखा एकसुरी आवाज असू द्या. कधी याने थांबेल, कधी नाही. तुमचाच संयम सुटतोय असं वाटलं तर बाळाला पाठीवर, सुरक्षित जागी ठेवून दार ओढून घ्या आणि पाच-दहा मिनिटं बाहेर थांबा. तेवढ्या रडण्याने काही होत नाही. रागाने गदागदा हलवण्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होतो. बाळंतीण दिवसचे दिवस रडवेली असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, तर तिलाही डॉक्टरांकडे न्यायला हवं. रात्रीची एक बाटली नवऱ्याने किंवा सासूबाईंनी पाजली तर तिला सलग चार तास मिळतात, पावडरीचा हा एक फायदा तरी घ्या.

चौथा महिना उलटूनही रडणं ओसरत नसेल तर वयाचं कारण पुरत नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना ती वही, वजनाची नोंद असलेलं लसीकरणाचं कार्ड आणि आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या डब्यांचे फोटो सोबत न्या. नुसतं नाव सांगून भागत नाही, कारण एकाच नावाखाली साधा, लॅक्टोजमुक्त आणि सोयाचा असे वेगवेगळे डबे मिळतात.